पेशींची बोली आणि परळचा इतिहास



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत नववीत शाळा सुटलेल्या एका कामगार-कार्यकर्त्याने बसावे, आणि विषय घ्यावा तो कर्करोगाच्या पेशींचा, हे आपल्यापैकी काहींना धारिष्ट वाटेल. मलाही तसेच वाटते. परंतु एका सोबत्याचे ऋण माझ्यावर आहे. ते फेडता येण्यासारखे नाही. निदान बोलून दाखवता येईल, एवढ्यासाठी मी उभा आहे. विषय विज्ञानाचा असला तरी मी त्याचा इतिहास सांगणार आहे, आणि इतिहास हा आम्हां श्रमिकांनाही कळतो, कारण त्याची किंमत पुष्कळदा आम्हीच मोजलेली असते.

माझे गाव महाळुंगे पडवळ. हुतात्मा बाबू गेनूंचे गाव म्हणून आपण सर्व ते ओळखता. १९०८ साली तेथे जन्मलेला, गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा पोटासाठी मुंबईस गेला, गिरणीत लागला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर विलायती कापडाच्या लॉरीपुढून हटण्याचे त्याने नाकारले. त्यानंतरही आंबेगाव-जुन्नरची माणसे मुंबईची वाट चालतच राहिली. कोणी गिरणीत गेला, कोणी माथाडी झाला, कोणी डबे वाहू लागला. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते गावी परतले आणि माझी शाळा सुटली. त्यांच्या बोलण्यात 'परळ' हा शब्द इतक्या वेळा येई की, मला लहानपणी ते आमच्याच तालुक्यातले एखादे गाव वाटे.

त्या परळला लोक गिरण्यांमुळे ओळखत. परंतु गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यातच आणखी एक इतिहास घडत होता, त्याची वार्ता चाळींतून फारशी पोहोचली नाही. माणसाचे शरीर रोगाशी कसे लढते, आणि कर्करोगापुढे ते का हरते, या दोन्ही प्रश्नांचा आपल्या देशातील शोध एकाच परळमध्ये, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर चालला.

पहिला प्रश्न आधी घेऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

हाफकिन हे इल्या मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. १८८२ साली मेचनिकॉफ यांनी समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला! परक्या वस्तूची वार्ता त्या पेशींना कोणी दिली? माझ्या समजुतीप्रमाणे आजच्या विषयाचे मूळ या साध्या प्रश्नात आहे. मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बाबू गेनूंच्या जन्माचे वर्षही हेच. पुढल्याच वर्षी एर्लिख यांनी असा तर्क मांडला की, आपल्या शरीरात कर्करोगाच्या पेशी वारंवार उपजत असाव्यात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना वेळीच निपटून काढीत असावी. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी गाठ असलेल्या रोग्यांना मुद्दाम जंतू टोचून पाहिले होते. संरक्षक पेशी जंतूंसाठी जाग्या झाल्या तर त्या गाठीलाही धरतील, ही त्यांची आशा. काहींना गुण आला, पुष्कळांना आला नाही, आणि का आला नाही हे कोणास सांगता येईना.

आता दुसरा प्रश्न. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या स्मरणाच्या प्रेरणेतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रुग्णालय उघडून तीनच वर्षे झाली असता, १९४४ साली, त्यांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये डॉ. सांघवी आणि डॉ. राव यांच्यासमवेत त्यांनी तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांनिशी मांडला.

हे आकडे मी वाचले तेव्हा मला माझे वडील आठवले. ते सांगत, गिरणीच्या खात्यात बिडी-काडीला सक्त मनाई, कारण कापसाला ठिणगी पुरते. परंतु आठ तास उभे राहायचे, डोळ्यांवर झापड येते, पोटात आग पडते. मग माणूस चुना-तंबाखू मळून गालात धरी. तिला ठिणगी नसते, म्हणून तिला मनाई नव्हती. आग कापसाला लागली नाही, ती गालाला लागली.

येथे मला माझ्या सोबत्याची गोष्ट सांगितली पाहिजे. तो आमच्याच भागातला, एका कारखान्यातील आमच्या युनियनचा सभासद. त्याचे नाव मी घेत नाही. पगारवाढीची बोलणी अंगावर आलेली होती. दारसभा संपल्यावर तो माझ्यापाशी आला आणि गाल बोटाने ताणून म्हणाला, "भाऊ, हा पांढरा डाग बघा बरं. तिखट लागलं की झोंबतंय." मी दिव्याखाली पाहिले आणि म्हणालो, "काही नाही रे, चुन्यानं पोळलंय. करार होऊन जाऊ दे, मग दाखवू." कारखान्याच्या दवाखान्यात लावायला औषध मिळाले. करार सात महिन्यांनी झाला आणि चांगला झाला. तोवर त्याला घास घेण्याइतके तोंड उघडता येत नव्हते. पुढले आठ महिने मी त्याच्याबरोबर परळच्या वाऱ्या केल्या. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर रोग्यांचे नातलग पथारी पसरून बसलेले असतात, त्यांच्यात मीही बसलो. वाचनाचा नाद मला पूर्वीपासून होता. त्या पदपथावर मी या विषयाची पुस्तके वाचू लागलो. तो गेला. त्याची बायको मला एवढेच म्हणाली, "भाऊ, तुम्ही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं."

हे वाक्य मनात ठेवून पुढला इतिहास ऐकावा, अशी माझी विनंती आहे.

१९५२ साली परळमध्येच खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे काम करणाऱ्या एका विदुषीचे नाव आपल्या जिल्ह्याला भूषण आहे. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ, या १९१७ साली पुण्यात जन्मल्या. हुजूरपागा आणि फर्ग्युसन कॉलेज येथे त्या शिकल्या, आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी काचपात्रात वाढवण्याची विद्या शिकल्या आणि परत येऊन त्यांनी परळच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शरीरात कोट्यवधी पेशींचा कोलाहल असतो. त्यात दोन पेशींचे बोलणे ऐकू येणे अशक्य. तेच दोन प्रकारच्या पेशी एका बशीत एकत्र ठेवल्या, तर त्यांचे काय चालते ते पाहता येते. म्हणून ही बशी म्हणजे आजच्या विषयाचे सभागृहच होय.

परंतु या सभागृहाच्या पायात एक अन्याय आहे, तो कामगार कार्यकर्त्याने सांगितलाच पाहिजे. डॉ. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या. तंबाखूच्या शेतांत राबलेली ही बाई त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी मात्र अद्याप जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांच्यावर विद्या उभी राहिली, औषधे झाली, धंदे झाले. तिच्या घरच्यांना वीस वर्षांहून अधिक काळ त्याचा पत्ताही नव्हता. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. खानोलकरांच्या १,००० रोग्यांकडेही मी याच दृष्टीने पाहतो. त्यांच्या दुखण्यावर आपण शिकलो. मग त्या शिक्षणाचे फळ त्यांच्यासारख्यांच्या घरी पोहोचते का?

आता पेशी बोलतात म्हणजे काय करतात ते पाहू. पेशींची बोली प्रथिनांची असते. प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. आपल्याकडचे डबेवाले झाकणावर खुणा रंगवतात, त्यावरून डबा कोठला व कोणाचा हे कळते. तसाच हा प्रकार. रक्तातील 'टी' नावाच्या संरक्षक पेशी या खुणा तपाशीत फिरतात. खूण ओळखीची असली तर पुढे जातात, परकी किंवा बिघडलेली असली तर त्या पेशीला मारतात. ही तपासणी कशी चालते हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ साली दाखवले. याखेरीज पेशी काही प्रथिने बाहेरही सोडतात. ती चिठ्ठीसारखी दुसऱ्या पेशीकडे जातात. 'या', 'वाढा', 'थांबा' असे त्यांचे अर्थ असतात.

मग कर्करोगाची पेशी वाचते कशी? एक तर ती आपल्या झाकणावरची खूणच पुसून टाकते. दुसरी युक्ती अधिक कपटाची आहे. आमच्या चळवळीत संप मोडण्याचा एक जुना डाव असतो. मारामारी न करता रात्री वस्तीत खोटी चिठ्ठी फिरवायची: 'संप मागे घेतला, सकाळी कामावर या.' चिठ्ठीवर शिक्का खरा दिसतो, माणसे दमलेली असतात, विश्वास ठेवतात. संरक्षक पेशींना वेळीच थांबवणारा एक लगाम निसर्गानेच दिलेला आहे. तो नसता तर त्यांनी आपलेच अवयव खाल्ले असते. त्यांपैकी एका लगामाचे प्रथिन, पीडी-१, जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये शोधले. सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामाला अडवले असता उंदरांतील गाठी नाहीशा होतात, हे अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवले. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी पीडी-१ ला चिकटणारे प्रथिन आपल्या अंगावर धारण करतात. टी पेशी तेथपर्यंत पोहोचलेली असते, शत्रू समोर असतो, आणि तिला संदेश मिळतो: 'सर्व ठीक आहे, परत जा.' ही चिठ्ठी वाचलीच जाऊ नये अशी औषधे निघाली, आणि होंजो व ॲलिसन यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोली यांचे काही रोगी बरे झाले आणि बाकीचे का झाले नाहीत, या कोड्याची एक बाजू शंभराहून अधिक वर्षांनी अशी उलगडू लागली.

परंतु चिठ्ठी एकच नसते. गाठीत शेकडो प्रथिनांची देवघेव चालू असते, आणि ती वाचण्यासाठी प्रथिनांची पारख करण्याचे शास्त्र लागले. त्याची पद्धत मूळात सोपी आहे. पेशींतील प्रथिने काढायची, ठरावीक जागी कापणाऱ्या पाचक रसाने त्यांचे तुकडे करायचे, तुकड्यांना विजेचा भार देऊन ते हवेत उडवायचे आणि त्यांचे वजन करायचे. वजन इतके काटेकोर की, त्यावरून तुकडा कोणत्या प्रथिनाचा हे ठरवता येते. अशा नाजूक पदार्थाला न मोडता उडवण्याच्या युक्तीबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तानाका हे एका यंत्रे बनवणाऱ्या कंपनीतील नोकरदार अभियंता होते, त्यांच्याजवळ डॉक्टरेटही नव्हती. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला ही गोष्ट सांगताना किती आनंद होतो, हे आपण समजू शकाल.

येथे एक अडचण उभी राहते. बशीत दोन प्रकारच्या पेशी एकत्र असल्या, तर सापडलेली चिठ्ठी कोणी लिहिली हे कसे कळावे? दोन गिरण्यांचे कापड एका गोदामात मिसळले, तर ते निवडायचे कसे? एका गिरणीला आधीच थोडे जाड सूत दिले असेल, तर काट्यावर घालून निवडता येईल. शास्त्रज्ञ हेच करतात. एका प्रकारच्या पेशींना प्रथिने विणण्यासाठी किंचित जड अणूंचा कच्चा माल खाऊ घालतात. मग जड प्रथिन तिचे आणि हलके दुसरीचे. दुसरी अडचण गोंगाटाची. पेशींना जगवण्यासाठी घातलेल्या रसातच इतकी प्रथिने असतात की, खरा संदेश त्यांत बुडून जातो. आपल्या नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. आकाशातून येणारा तो क्षीण आवाज ऐकायचा, तर आसपासचा रेडिओ-गोंगाट कमी ठेवावा लागतो. आकाश असो की गालातली गाठ असो, क्षीण आवाज ऐकण्याचे कष्ट सारखेच.

हे काम आज आपल्या महाराष्ट्रात चालू आहे. परळचे संशोधन केंद्र आता नव्या नावाने खारघरला आहे. तेथे डॉ. शुभदा चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे 'गॅमा-डेल्टा' नावाच्या टी पेशींचा अभ्यास केला. या पेशींना डब्यावरची ती ठरावीक खूण लागत नाही, तरीही त्या कर्करोगाला ओळखू शकतात. परंतु पित्ताशयाच्या कर्करोगात त्यांच्यातील काही पेशी फितूर होतात आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतात, असेही या अभ्यासात दिसले. संरक्षकच रसद पुरवू लागला! पवईच्या आय.आय.टी.त डॉ. संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा मेंदूच्या व इतर गाठींतील प्रथिनांची पारख करते. २०१८ साली ही आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर याच कामासाठी करार केला.

पवई आणि परळ यांच्या भागीदारीतून आणखी एक गोष्ट घडली. रोग्याच्याच टी पेशी काढून, रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशींवर असणारी एक खूण ओळखण्याची शक्ती त्यांच्यात घालायची, आणि त्या परत रोग्याला द्यायच्या, अशा उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला त्याचा प्रारंभ झाला. परदेशी किमतीच्या मानाने तो पुष्कळच स्वस्त आहे. तरी आकडा लाखांच्याच घरात, आणि बाबू गेनूंच्या गावात तो आकडा जमिनीच्या सातबाराशी येऊन भिडतो. शिवाय हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. तोंडाच्या गाठीसारख्या घट्ट गाठीत खोट्या चिठ्ठ्यांचा इतका सुळसुळाट असतो की, तेथे या नव्या पेशीही अडखळतात. म्हणूनच ही बोली समजून घेण्याचे काम थांबवता येत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे सांगितले, ती. पीडी-१ ची चिठ्ठी अडवणारे औषध पूर्ण मात्रेत घेणे आपल्याकडील बहुतेक रोग्यांना परवडत नाही. परळच्या डॉक्टरांनी विचारले, पूर्ण मात्रा खरोखरच लागते काय? तोंड, घसा इत्यादींच्या कर्करोगाच्या, बरे होण्याची आशा उरलेली नाही अशा १५१ रोग्यांवर त्यांनी परीक्षा केली. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचा उपचार. निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम औषध, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. २०२२ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाला. केवळ गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षभर जगलेले सुमारे १६ टक्के, औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. हा विजय नव्हे, हे मी जाणतो. आयुष्याचा मध्य सात महिन्यांच्या आतून दहा महिन्यांच्या किंचित पुढे सरकला, एवढेच. परंतु गरिबाच्या खिशाकडे पाहून विचारलेला हा प्रश्न परळने विचारला, याचा मला गिरणी कामगाराचा मुलगा म्हणून अभिमान वाटतो.

माझ्या सोबत्याकडे परत येतो. त्याचे शरीर त्याला सांगत होते. झोंबणे, डाग, आखडणारा जबडा हे सर्व संदेशच होते आणि तो ते घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला काय सांगितले? 'सर्व ठीक आहे, परत जा.' गाठीतील ते प्रथिन जे करते, तेच मी केले. आणि माझा शिक्का खरा होता, म्हणून त्याने विश्वास ठेवला. प्रयोगशाळांना पेशींची बोली वाचण्यास आणखी किती वर्षे लागतील ती लागोत. माणसाची बोली वाचण्यास मात्र यंत्र लागत नाही.

म्हणून माझी दोनच मागणी आहे. आरशापुढे उभे राहून महिन्यातून एकदा तोंड उघडा, गाल ताणून पाहा. पांढरा वा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा कमी होत चाललेले तोंडाचे उघडणे दिसले, तर करार, लग्न, सुगी कशासाठीही थांबू नका. आणि जे माझ्यासारखे कार्यकर्ते येथे असतील त्यांनी प्रत्येक करारात वर्षातून एकदा तोंड तपासण्याचे कलम घालावे. आम्ही अलीकडे ते घालू लागलो आहोत. मालक त्याला फारसा विरोध करीत नाहीत. विरोध होतो तो कामगारांकडूनच, कारण तंबाखूची पुडी डॉक्टरला दाखवण्याची त्यांना लाज वाटते. माझ्या खिशातही ती पंचवीस वर्षे होती. सोबत्याच्या दहाव्याला मी ती नदीत टाकली.